आवळा कँडी आणि आमचा हात आखडलेला पाक

संक्रांत झाली, तरी बाजारात आवळा अजून आहे. म्हणून आज आवळा कँडीबद्दल बोलायचं ठरवलं. आमचा बचत गट दहा जणींचा. सुरुवात आमच्या फजितीपासूनच करतो.

मागच्या वर्षी प्रत्येकीने दीडशे रुपये काढले आणि वीस किलो आवळे आणले. पैसे कमी पडले, म्हणून साखरेत हात आखडला. किलोला चारशे ग्रॅमच घातली. त्यात तीन दिवस ढगाळ हवा. आठव्या दिवशी बरणी उघडली तर वर फेस आणि आंबूस वास.

एक जण म्हणाली, "पुन्हा उकळू, वाळवू, वरून साखर लावू. कुणाला कळतंय?" तिला बोल लावायला आमची जीभ रेटेना, कारण त्या दीडशेत तिची अर्ध्या दिवसाची मजुरी होती. तासभर वाद झाला. शेवटी सगळा माल खताच्या खड्ड्यात गेला आणि दुकानदाराची उचल परत केली. त्यानंतर दोघी गट सोडायला निघाल्या होत्या.

चूक कुठे झाली? साखर फक्त गोडीसाठी असते असं आम्ही धरून चाललो होतो. पण साखर फोडीतलं पाणी ओढून घेते, आणि आत उरलेलं पाणीही इतकं धरून ठेवते की आंबवणाऱ्या जंतूंना ते वापरता येत नाही. साखर कमी पडली की तीच त्यांचं खाणं होते.

आता यंदाची रीत सांगतो. मोठे, डाग नसलेले आवळे घ्या. उकळत्या पाण्यात पाच ते आठ मिनिटं ठेवा. आवळ्याला सहा रेघा असतात, त्या रेघांवरच तो उकलतो. बोटाने दाबलं की फोडी सुटतात, सुरीची गरज नाही. घासभर आकार आपोआप मिळतो. बी काढा. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या, लोखंडाच्या कढईत आवळा काळा पडतो.

एक किलो फोडींना एक किलो साखर, पण एकदम नाही. घट्ट पाक एकदम ओतला तर पाणी भराभर बाहेर येतं आणि फोडी सुरकुततात. पहिल्या दिवशी सहाशे ग्रॅम साखर थराथराने घालून झाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी सुटलेला पाक गाळून घ्या, त्यात दोनशे ग्रॅम साखर घालून उकळा, गार करा आणि फोडींवर ओता. तिसऱ्या दिवशी उरलेली दोनशे घालून पुन्हा तसंच. पाक मधासारखा दाट झाला पाहिजे. मग दोन दिवस हात लावायचा नाही. सुरुवातीला फोडी वर तरंगतात. साखर आत मुरली की जड होऊन तळाला बसतात. आम्ही घड्याळापेक्षा या खुणेवर जास्त विसंबतो.

फोडी निथळून ताटात पसरा, वर पातळ मलमल बांधा आणि दोन-तीन दिवस वाळवा. ढग आले तर घरात पंख्याखाली. बोटाला चिकटत नाही, पण वाकवली तर वाकते, तिथे थांबा. त्यापुढे गेलात तर दगड होतो. वाळल्यावरच पिठीसाखरेत घोळवा. ओल्या फोडीला लावली की साखर पाझरते. आमच्यातल्या एक काकू पिठीसाखरेत चिमूटभर सुंठ घालतात, ती चव भारी लागते. उरलेला पाक फेकू नका, त्याचं सरबत होतं.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. आवळ्याचं क जीवनसत्त्व उकळण्यात थोडं जातंच, आणि कँडीत साखर भरपूर असते. मधुमेह असलेल्यांनी औषध म्हणून खाऊ नये. अगदी लहान मुलांना अख्खी फोड देऊ नका, घशात अडकते.

यंदा दहाच किलो केली. पुड्या त्याच दुकानदाराकडे ठेवल्या, आधी उचल न घेता. निघालेल्या दोघींपैकी एक परत आली. एक बरणी मुद्दाम विकली नाही. दोन महिने झाले, दर रविवारी दहाजणींपैकी कुणी तरी झाकण उघडून वास घेतं.