निकाहाचे साक्षीदार
(मंडळाच्या वार्षिकोत्सवात केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला 'लग्नाचे कायदे' असा विषय दिला होता. तो एवढा मोठा की वर्षभर बोलले तरी पुरा व्हायचा नाही. म्हणून मी त्यातला एक लहानसा तुकडा उचलला आहे. निकाहाला साक्षीदार किती लागतात, कोण लागतात आणि कशासाठी लागतात, एवढेच आज सांगणार आहे. मंडळात मुसलमान घरच्या भगिनीही आहेत. माझे कुठे चुकले तर त्यांनी मला जरूर थांबवावे.

हा विषय मला पहिल्यांदा भेटला तो 1974 साली, रत्नागिरी जिल्ह्यात, माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या निकाहात. जूनचा महिना होता आणि पाऊस असा की पन्हळीचा आवाज माणसाच्या आवाजावर चढत होता. आम्ही बायका आतल्या खोलीत पडद्याआड होतो. कागदावर सह्या व्हायची वेळ आली तेव्हा मी हौसेने म्हटले, "साक्षीदार म्हणून मीही सही करते." मैत्रिणीची खाला हसली आणि म्हणाली, "बाय, ते काम पुरुषांचं." मला थोडा रागच आला. मी हिंदू म्हणून नको की बाई म्हणून नको, हे त्या दिवशी मला कळले नाही. पुढे वकिलीचा अभ्यास करताना कळले की दोन्ही कारणांनी!

कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. त्या पंथात मुलीच्या बाजूचा वली, म्हणजे बाप किंवा जवळचा पुरुष नातलग, आणि दोन सचोटीचे पुरुष साक्षीदार निकाहाच्या वेळी हजर लागतात. देशावर आणि उत्तरेकडे बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत. त्यांच्याकडे दोन पुरुष, किंवा एक पुरुष आणि दोन स्त्रिया चालतात. साक्षीदार मुसलमान, वयात आलेला आणि शहाणा असावा. मात्र त्याचे चारित्र्य हनफी इतके कसून पाहत नाहीत. शिया इस्ना अशरी पंथाची गोष्ट उलटी आहे. त्यांच्याकडे निकाहाला साक्षीदार नसले तरी निकाह होतो, पण तलाकाला मात्र दोन सचोटीचे साक्षीदार हवेतच. मला हे मोठे समंजसपणाचे वाटते. घर बांधताना कोणी बघितले नाही तरी चालेल, मोडताना मात्र चार डोळे हवेत. मालिकी पंथ आपल्याकडे फारसा नाही. त्यात भर आहे तो गाजावाजावर. साक्षीदारांनाच 'कोणाला सांगू नका' अशी ताकीद दिली, तर तो निकाह त्यांना मान्य नाही.

आता, साक्षीदाराने करायचे काय? सही हे त्याचे खरे काम नव्हे. एका बाजूने विचारणा आणि दुसऱ्या बाजूने 'कुबूल', हे दोन्ही शब्द एकाच बैठकीत, दोन्ही साक्षीदारांनी एकत्र हजर राहून कानांनी ऐकायचे असतात. काझी नसला तरी अडत नाही. 1880 च्या काझी कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे की, या कायद्यामुळे कोणत्याही लग्नाला काझीची हजेरी आवश्यक ठरत नाही.

साक्षीदार नसतील तर? आपल्या न्यायालयांत चालणाऱ्या हनफी कायद्याप्रमाणे असा निकाह मुळातच रद्द नसतो, तो 'फासिद', म्हणजे सदोष असतो. नवराबायको एकत्र राहिली असतील तर मुले औरस, बाईला मेहर मिळतो, वेगळे झाल्यावर तिला इद्दत पाळावी लागते. पण एक गोष्ट जाते, आणि तीच बाईच्या पोटाशी येते: नवरा गेला तर त्याच्या मालमत्तेत तिला वारसा नाही. बिनदोष निकाहाच्या विधवेला मूलबाळ असेल तर आठवा आणि नसेल तर चौथा हिस्सा मिळतो.

माझ्या मैत्रिणीवर नेमकी हीच वेळ आली. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातून महिनाभर घरी. ती बहुतेक माहेरीच राही. मूल नव्हते. 2009 साली तो वारला आणि दिरांनी सांगितले, "निकाह झालाच नव्हता." दीर्घ सहवासावरून न्यायालय लग्न गृहीत धरते, पण इथे सहवासच तुटक. निकाहाच्या दफ्तराला वाळवी लागलेली. दोन साक्षीदारांपैकी एक वारलेला, दुसरा आखातात गेला तो परत आलाच नाही.

ती माझ्याकडे आली. मी तिचे वकीलपत्र घेतले नाही, दुसऱ्या वकिलांकडे दिले. कारण मला पिंजऱ्यात उभे राहायचे होते. भगिनींनो, इथे एक भेद नीट ध्यानात घ्या. निकाह घडवायला कोणते साक्षीदार लागतात हे धर्मशास्त्र सांगते. निकाह घडला होता हे न्यायालयात कोणी सांगावे, हे पुराव्याचा कायदा सांगतो. त्या कायद्यात, 1872 च्या जुन्यात आणि आता 2024 पासून लागू झालेल्या नव्यातही, साक्षीदारांचा ठरावीक आकडा नाही, आणि बाई-पुरुष, हिंदू-मुसलमान असा भेद नाही.

पलीकडच्या वकिलांनी मला विचारले, "आपण पडद्याआड होतात. आपल्याला काय दिसले?"

"दिसले काहीच नाही. ऐकले," मी म्हटले. "पावसामुळे साक्षीदारांना ऐकू आले नाही, म्हणून नवऱ्यामुलाला पुन्हा मोठ्याने बोलायला लावले. त्याने 'कुबूल' मोठ्याने म्हटले, तेव्हा आतल्या बायका हसल्या."

माझ्यामागून खाला उभी राहिली. वय ऐंशीच्या पुढे. तिला मेहराची रक्कम, जेवणाला काय होते आणि कोणत्या दिराने किती वेळा वाढून घेतले, हे सारे पाठ होते. त्यावर दीर मान खाली घालून बसले.

निकाल मैत्रिणीच्या बाजूने लागला. चौथ्या हिश्श्यात तिला घराची पडवी आणि हापूसची तीन कलमे आली. दर मे महिन्यात त्यांतली एक पेटी माझ्या घरी येते. तिच्यावर ती स्वतःच्या हाताने लिहिते, 'साक्षीदार बाईंस'.