कीव, अनुकंपा आणि हमी
(असोदा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



असोदा हे बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव. १८८० साली येथे जन्मलेल्या या निरक्षर शेतकरी स्त्रीची गाणी तिच्या निधनानंतर, १९५२ साली ग्रंथरूप झाली, आणि मनाचे व्यापार सांगण्यास बोलीला शब्दांची वाण नाही हे शहरी वाचकास उमगले. भावनेच्या शब्दांची पारख करण्यास हे गाव योग्यच होय.

इंग्रजी ग्रंथ वाचणारा कार्यकर्ता पिटी, सिम्पथी, कम्पॅशन, एम्पथी या चारही शब्दांपुढे 'सहानुभूती' लिहून मोकळा होतो. ही सोय महागात पडते. पिटी वरून खाली पाहते. तिचे मूळ धर्मनिष्ठा या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. देणाऱ्याच्या पुण्याचा हिशेब तीत बहुधा असतोच. मराठीत तिच्या जवळचा शब्द 'कीव'. 'तुझी कीव येते' हे तोंडावर ऐकून कोणास बरे वाटले आहे? एम्पथी हा शब्द त्यांत सर्वांत धाकटा. टिचनर या मानसशास्त्रज्ञाने १९०९ साली जर्मन शब्दावरून तो घडविला. दुसऱ्याच्या अनुभवात शिरणे, हा त्याचा भाव. परंतु शिरलेला माणूस सायंकाळी आपल्या घरी परतू शकतो! कम्पॅशन म्हणजे बरोबरीने सोसणे. आपली 'अनुकंपा' तिची सख्खी बहीण: दुसऱ्याच्या कंपाबरोबर आपणही कापणे. एवढा थोर शब्द सरकारी दप्तराने मृत कर्मचाऱ्याच्या वारसाच्या अर्जावर नेऊन बसविला, आणि तो वारस वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीतील आपला क्रमांक मोजीत राहतो.

शब्द बदलला की माणसाचे उभे राहणेही बदलते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारा मजूर 'दुष्काळी मदतीच्या' कामावर होता. १९७७ च्या कायद्याने 'मदत' जाऊन 'हमी' आली. काम मागावयाचे, न मिळाल्यास बेकारी भत्ता मागावयाचा. त्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी यावयास नको. अंमलबजावणीत कुचराई झाली, हे खरे. पण कुचराईबद्दल जाब विचारता येतो, कीव आटली म्हणून विचारता येत नाही.

उलट, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबास मिळणारी रक्कम कागदोपत्री 'सानुग्रह' असते. अनुग्रह म्हणजे कृपा. प्रकरण 'पात्र' की 'अपात्र', हे समिती ठरविते. अशा घरी जाणाऱ्या कार्यकर्त्याने अर्ज अवश्य लिहून द्यावा. मात्र शेवटी 'कृपा व्हावी' असे लिहिण्याचा जो प्रघात आहे, ती ओळ खोडून 'लेखी उत्तर मिळावे' असे लिहावे.