बोराएवढा तुकडा



डॉक्टरांच्या पदवीदानाच्या दिवशी पाहुण्यानं आपल्या यशाच्या गोष्टी सांगायच्या असा रिवाज आहे. मी एका स्वच्छ आलेल्या एमआरआयची गोष्ट सांगणार आहे.

ब्रेनस्टेम म्हणजे जेमतेम अंगठ्याएवढी जागा. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल, शुद्ध, हातापायांकडे जाणाऱ्या वाटा, सगळं तिथं दाटीवाटीनं बसलेलं. त्या जागेतल्या गाठीला हात लावायचा नाही, रेडिएशनचे लाईट द्यायचे आणि घरी पाठवायचं, हाच कित्येक दशकं शिरस्ता होता.

न्यूयॉर्कचे न्यूरोसर्जन फ्रेड एपस्टाइन यांनी 1980च्या दशकात तो मोडला. एमआरआय तेव्हा नुकता हाताशी येत होता. कंपनांनी गाठ फोडून शोषून घेणारं यंत्र त्यांनी वापरलं. गाठ ओढायला नको, आतून पोखरत कडेकडे यायचं. मुलं वाचू लागली. मला मात्र त्यांचा मोठेपणा दुसरीकडे दिसतो. कोणत्या मुलांना शस्त्रक्रियेचा फायदा होतो हे 1986च्या शोधनिबंधात मांडताना, ब्रेनस्टेमभर पसरलेल्या घातक गाठींमध्ये तो झाला नाही, हेही त्यांनी लिहिलं. आपणच उघडलेल्या डोक्यांबद्दल असं छापायला छाती लागते.

माझी ती छाती उशिरा झाली. सात वर्षांचा मुलगा, मेड्युलामधली, म्हणजे ब्रेनस्टेमच्या तळाची गाठ. नसांवर लक्ष ठेवायला जिभेत आणि घशात इलेक्ट्रोड लावलेले. बहुतेक गाठ निघाली होती, एवढ्यात मॉनिटरिंगवाली म्हणाली, “सर, घशाचा सिग्नल पडतोय.” थांबलो. कोमट सलाइन सोडलं, वाट पाहिली. सिग्नल थोडा वर आला. भिंतीला बोराएवढा तुकडा चिकटलेला होता. तो मी काढला.

एमआरआय स्वच्छ. राउंडला सगळ्यांनी हात मिळवले. मुलाला मात्र स्वतःची थुंकीसुद्धा गिळता येईना. गळ्याला छिद्र, नाकात नळी. आई वरणाचं पाणी गाळून सिरिंजनं नळीत सोडायची आणि दरवेळी बोट बुडवून त्याच्या ओठांना लावायची. “चव तरी कळू दे,” म्हणायची. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट खिशात होता: सावकाश वाढणारी, सौम्य जातीची गाठ. तो तुकडा राहिला असता तर वर्षानुवर्षं नुसतं लक्ष ठेवूनही भागलं असतं कदाचित. हे मी तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि सिरिंज धुवायला गेली.

चार महिन्यांनी त्यानं पहिला घोट घेतला. आवाज अजून घोगरा आहे.

आता माझ्या पेशंटांच्या फिल्मवर पुष्कळदा भिंतीलगत एक बारीक पांढरी कड दिसते. नवा रेसिडेंट फिल्म उजेडाकडे धरतो, कडेवर बोट ठेवतो, जरा चाचरत म्हणतो, “सर, थोडं राहिलंय.”

“हो,” मी म्हणतो. “पेशंटनं सकाळी काय खाल्लं?”