माळ्यावरची आगगाडी आणि लिलावाचा आकडा

मोबाइलवरून वस्तू विकण्याबद्दल आपण या कार्यक्रमात बोलत असतो. आज त्यातला एक निराळा प्रकार घेतोय, ऑनलाइन लिलाव. आणि उदाहरण आहे खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचं. तुम्ही म्हणाल, त्यांच्याशी आपला काय संबंध? आमच्या गटातल्या एका ताईंच्या माळ्यावरून एक खोका खाली आला, तेव्हा आम्हालाही हाच प्रश्न पडला होता.

ताईंचे सासरे मुंबईला एका पारशी कुटुंबाकडे ड्रायव्हर होते. ते घर मोडलं तेव्हा बाईंनी मुलांना खेळायला म्हणून एक खोका दिला. आत पत्र्याचं चावीचं इंजिन, चार डबे आणि गोल जुळणारे रूळ. सासरे गेले, मुलं मोठी झाली, खोका तसाच राहिला. यंदा ताईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि घरात पैशांची जुळवाजुळव सुरू झाली. भंगारवाला वजनावर न्यायला तयार होता. पण इंजिनावर ‘हॉर्नबी’ असं नाव होतं. गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ते मोबाइलवर शोधलं आणि म्हणाली, थांबा, हे विकू नका अजून.

हॉर्नबी हे इंग्लंडमधल्या फ्रँक हॉर्नबी यांचं नाव. त्यांच्या मेकॅनो कंपनीने १९२० साली लिव्हरपूलला चावीच्या गाड्या बनवायला सुरुवात केली. जर्मनीत १८५९ पासूनची मेर्क्लिन कंपनी आहे, अमेरिकेत १९०० पासूनची लायोनेल. या जुन्या गाड्यांशी आता मुलं फारशी खेळत नाहीत. मोठी माणसं त्या जमवतात, दुरुस्त करतात, घरात रूळ मांडून चालवतात. आपल्याकडेही हा नाद आहे. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. कधी सहल काढलीत तर मुलांना घेऊन नक्की जा.

अशा वस्तूला दुकानातली ठरलेली किंमत नसते. ती हवी असणारी माणसं थोडी आणि दूरदूर पसरलेली. त्यांना एकत्र आणायचं काम ऑनलाइन लिलावाने केलं. अमेरिकेत १९९५ साली ईबे सुरू झालं. आपल्याकडे मुंबईची ‘बाझी’ नावाची कंपनी असे लिलाव चालवायची, ती २००४ मध्ये ईबेने घेतली. पुढे २०१८ मध्ये ईबेची भारतातली जागा बंद झाली, पण जुन्या वस्तूंचे लिलाव आजही इतर ठिकाणी चालतात.

लिलाव आपल्याला नवा नाही. बाजार समितीत कांद्याचा होतो, लिलाव भिशी तर आपण स्वतः चालवतो. ऑनलाइन लिलावात फरक एवढाच, की तो काही दिवस चालतो आणि बोली यंत्र लावतं. म्हणजे कसं? समजा तुम्ही घेणाऱ्या आहात आणि तुमचा शेवटचा आकडा ५००० रुपये आहे. तो तुम्ही आधीच टाकून ठेवायचा, दुसऱ्या कुणाला तो दिसत नाही. दुसरीचा शेवटचा आकडा ३००० आहे आणि बोलीची पायरी १०० रुपयांची आहे. मग यंत्र तुमच्या वतीने तिच्यापेक्षा एकच पायरी वर जातं आणि वस्तू तुम्हाला ३१०० रुपयांना मिळते. बहुतेक ठिकाणी हीच रीत आहे.

घेणाऱ्याने आपला आकडा लिलावाआधी कागदावर लिहावा. पोस्टाचा खर्च त्यातच धरावा. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्कही भरावं लागतं. शेवटच्या मिनिटात बोली भराभर चढते, तेव्हा माणूस वस्तूसाठी बोलतोय की ईर्षेपोटी, ते त्याचं त्यालाही कळत नाही. काही विक्रेते आपल्याच माणसाकरवी खोटी बोली लावून भाव चढवतात. हा गैरप्रकार आहे, पण होतो. कागदावरचा आकडा ओलांडायचा नाही, एवढं पाळलं तरी बरंच नुकसान टळतं.

आता विकणाऱ्याची बाजू. किंमत बघताना लोक काय मागतात ते बघायचं नाही. मागायला कुणीही लाख रुपये मागेल. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली, ते बघायचं. संपलेल्या लिलावांच्या यादीत ते सापडतं.

दुसरं, वस्तू घासायची नाही. आपला हात लगेच राखेकडे आणि चिंचेकडे जातो. पण जुना रंग आणि त्यावरची अक्षरं हीच या गाडीची खरी किंमत. मऊ कोरड्या फडक्याने धूळ झटकायची, बस. नवा रंग तर मुळीच द्यायचा नाही. मूळ खोका फाटका असला तरी टाकायचा नाही, जमवणारे त्याचेही पैसे देतात.

तिसरं, माप. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. साधारण ३२ मिलिमीटर भरलं तर तो मोठा ‘ओ’ गेज, साडेसोळा भरलं तर ‘एचओ’ किंवा ‘डबल ओ’, आणि ९ भरलं तर ‘एन’. ताईंच्या गाडीचं ३२ भरलं.

चौथं आणि सगळ्यात महत्त्वाचं, दोष लपवायचे नाहीत. त्या काळच्या जस्ताच्या ओतीव भागांत शिशाचा अंश राहिला असेल तर वर्षांनंतर धातू फुगतो, चिरतो, भुगा होतो. ताईंच्या इंजिनाच्या एका चाकाला अशी बारीक चीर होती. ती फोटोत दिसू नये म्हणून इंजिन दुसऱ्या कुशीवर ठेवावं, असं घरातल्या एकाने सुचवलं. ताईंनी ऐकलं नाही. चिरेचा जवळून फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘चाकाला चीर आहे, चावी फिरते, इंजिन रुळावर चालवून पाहिलेलं नाही.’ जमवणाऱ्याला चीर घरी गेल्यावर सापडली तर वस्तू परत येते, पैसे परत जातात आणि नावही जातं.

आणखी एक गोष्ट लिहावी लागली. विकायच्या आधी ताईंनी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नातीसाठी जाऊ दे, पण एक मालडबा मला राहू दे, ह्यांच्या हातचा आहे. डबा कमी झाला की भावही कमी होतो, हे आम्ही सांगितलं. तरी डबा राहिला. जाहिरातीत ‘तीन डबे’ असं स्पष्ट लिहिलं.

लिलाव चालू असताना एकाचा निरोप आला, ‘लिलाव बंद करा, मी जास्त देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. ताईंनी उत्तरच दिलं नाही. कुणी फसलंच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

लिलाव संपला. पैसे आल्याचा फोटो नव्हे, बँकेत जमा झालेली रक्कम पाहिल्यावरच ताईंनी सामान बांधलं. प्रत्येक डबा वेगळा गुंडाळला, चाकं हलणार नाहीत अशी कागद कोंबून बसवली, एक खोका दुसऱ्या खोक्यात ठेवला. बांधतानाचे फोटो काढले, कुरिअरची पावती जपून ठेवली.

मुलीची सगळी फी यातून निघाली नाही. वसतिगृहाचा पहिल्या वर्षाचा खर्च मात्र निघाला, आणि गटाकडून घ्यायचं कर्ज तेवढं कमी झालं. भंगाराच्या भावाने एक महिनाही निघाला नसता.

तुमच्या घरातही माळ्यावर काही असेल. त्यातलं बरंचसं खरोखर भंगारच असेल. तरी देण्याआधी एकदा उजेडात आणा, त्यावरचं नाव वाचा, गटातल्या मुलींना शोधायला सांगा. आणि ज्यांची आठवण त्यात आहे, त्यांनाही विचारा. पुढच्या भागात कुरिअरने माल पाठवताना काय काळजी घ्यायची ते सविस्तर बोलू. तुमचे प्रश्न नेहमीसारखे गटाच्या बैठकीत लिहून द्या.