घोड्याचं रक्त आणि आपल्या बी पेशी



साप चावलेला माणूस दवाखान्यात आला की सलाइनमधून जे औषध चढवतात, ते घोड्याच्या अंगात तयार होतं. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम कित्येक दशकं केलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष घोड्याला आधी अगदी थोडं टोचायचं, मग मात्रा वाढवत न्यायची. काही आठवड्यांनी तो घोडा इतकं विष सोसतो की तेवढं पहिल्याच दिवशी दिलं असतं, तर जागीच आडवा झाला असता. मग त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढतात आणि त्यातल्या पिवळसर रक्तद्रवातून औषध वेगळं करतात. विषाला चिकटून त्याला निकामी करणारी प्रथिनं त्यात असतात. हीच प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी.

रक्तद्रवात असं काही असतं, हे 1890 साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवलं. धनुर्वाताला पुरून उरलेल्या सशाचा रक्तद्रव उंदरांना टोचला, तर उंदीरही वाचले. 1901 चं वैद्यकातलं पहिलंच नोबेल बेरिंगना मिळालं. कितासातोंना त्यात वाटा नव्हता, हे मला आजही खटकतं.

पण ही प्रतिपिंडं शरीरात बनवतं कोण? याचा महत्त्वाचा धागा मिळाला तो कोंबड्यांच्या खुराड्यात. कोंबडीच्या शेपटीपाशी, आतड्याच्या टोकाला, एक छोटी पिशवी असते. तिला फॅब्रिशियसची बर्सा म्हणतात. ती कशाला असते, हे अमेरिकेतल्या ओहायोमधला ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी शोधत होता. त्याने पिल्लांची बर्सा काढली. पिल्लं खुशाल वाढली, फरक काही दिसेना. पुढे त्याच्या एका सहकाऱ्याला वर्गात प्रतिपिंडं दाखवायची होती, म्हणून त्याने ग्लिककडूनच कोंबड्या मागून आणल्या आणि त्यांना जंतू टोचले. प्रयोग फसला. काही कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं औषधालाही सापडेनात. नोंदवही पाहिली तेव्हा कळलं, या त्याच बर्सा काढलेल्या कोंबड्या! यावर लिहिलेला निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत पाठवला. अखेर 1956 साली तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात छापून आला आणि बरीच वर्षं कोणी त्याकडे फिरकलंही नाही. त्या बर्साच्या आद्याक्षरावरून प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना बी पेशी म्हणतात. माणसाला बर्सा नाही. आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात, अस्थिमज्जेत तयार होतात.

आता खरं आश्चर्य ऐका. माणसाजवळ जनुकं सुमारे 20,000. प्रतिपिंडांचे प्रकार मात्र कोट्यवधी. हिशेब जुळायचा कसा? सुसुमू तोनेगावा यांनी 1976 साली त्याचं उत्तर दिलं. प्रत्येक बी पेशी घडताना प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे कापते आणि आपल्या मनाने जोडते. चिंध्यांचं गाठोडं एकच, पण प्रत्येकीची गोधडी निराळी. म्हणजे जो जंतू अजून जगात आलेलाच नाही, त्याला बसेल असं प्रतिपिंड बाळगणारी एखादी पेशी आत्ता, या क्षणी, तुमच्या अंगात फिरत असण्याची शक्यता आहे.

जंतू आत शिरला की ज्या मोजक्या पेशींची घडण त्याला जुळते, त्या निवडल्या जातात आणि भराभर वाढतात. घसा दुखताना जबड्याखाली अवधाण येतं ना, तिथे आत हाच कारखाना चालू असतो. तिथे पेशी आपल्या जनुकात मुद्दाम बारीक फेरफार करत राहतात. ज्यांची पकड सुधारते त्या टिकतात, बाकीच्या मरतात. टिकलेल्यांपैकी काही प्रतिपिंडं ओतू लागतात, एकेक पेशी सेकंदाला हजारोंनी. ती विषाणूला चिकटून त्याला आपल्या पेशीत शिरू देत नाहीत, शिवाय भक्षक पेशींना सावज दाखवून देतात. पण नव्या जंतूशी पहिलीच गाठ असेल, तर या सगळ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात.

काही पेशी मात्र आठवण धरून मागे राहतात. 1846 साली फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरच्या लक्षात आलं, की 1781 च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना या खेपेस तो झालाच नाही. मध्ये 65 वर्षं गेली होती!

घोड्याकडून उसनी घेतलेली प्रतिपिंडं ताबडतोब कामाला लागतात, पण काही दिवस-आठवड्यांत संपतात आणि आपल्या बी पेशींना काहीच शिकवून जात नाहीत. म्हणून वर्षाने पुन्हा साप चावला, तर औषध पुन्हा पहिल्यापासून. लस उलट वागते: लगेच काही देत नाही, पण शिकवते.

रेबीजमध्ये दोन्ही लागतात, आणि इथेच लोक चुकतात. कुत्रं चावून रक्त आलं असेल, तर जखमेत आणि तिच्या भोवती तयार प्रतिपिंडं टोचतात, कारण लसीने आपली प्रतिपिंडं तयार होईपर्यंतचे दिवस कोणीतरी निभावून न्यायला हवेत. दंडातली लस घेतली, जखमेतली सुई दुखते म्हणून नको, असं करू नका. जखमेत हळद, चुना, मिरचीपूड भरू नका; साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लसीचे सगळे डोस वेळेवर घ्या आणि त्यांच्या नोंदीचा कागद जपून ठेवा. ज्याचा कोर्स पुरा झाला आहे, त्याला पुन्हा कुत्रं चावलं तर जखमेतलं इंजेक्शन लागत नाही. पहिल्या आणि चौथ्या दिवशी लसीचे दोन डोस पुरतात.