शेजारी कोण?



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत ख्रिस्ती धर्मावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आम्ही ख्रिस्ती नाही आणि पंडित तर नाहीच. आमची शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि कारखान्यांच्या फाटकांवर. बायबलही असेच हाती आले. त्यात एक प्रश्न भेटला, तो आम्हांस महाड-पोलादपूरच्या मातीतलाच वाटला. तेवढाच आज आपल्यापुढे ठेवतो.

सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे एका शास्त्र्याने येशूला विचारले. येशूने एक नव्हे, दोन सांगितल्या. देवावर सर्वस्वाने प्रीती करणे ही पहिली. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करणे ही दुसरी. दोन्ही यहुद्यांच्या जुन्या ग्रंथांतल्याच. येशूने त्या एकत्र बांधल्या आणि सगळ्या धर्माचा भार त्यांवर ठेवला. पुढे योहानाच्या पत्रात याचा रोकडा हिशेब मांडलेला आहे: दिसणाऱ्या भावावर ज्याचे प्रेम नाही, त्याचे न दिसणाऱ्या देवावर आहे हे मानायचे कशावरून? म्हणजे देवभक्तीची परीक्षा देवळात होत नाही, शेजारी होते.

पण शेजारी म्हणजे कोण? आपल्या कोकणात गाव वाड्यावाड्यांनी वसतो. कुणब्यांची वाडी निराळी, बौद्धवाडी निराळी, मोहल्ला निराळा. म्हणून बहुतेक ठिकाणी घराला घर लागून असलेला शेजारी हा बहुधा आपल्याच जातीचा. अशा शेजाऱ्यावर प्रेम करायला धर्म कशाला हवा? ते तर सोयरीकच करून देते.

येशूलाही हाच प्रश्न एका शास्त्र्याने विचारला. उत्तरादाखल त्याने एक गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवर चोरांनी एका माणसाला लुटून अर्धमेला टाकला. ती वाट उंच डोंगरावरून खोल खाली उतरते. महाबळेश्वराहून आंबेनळी घाटाने पोलादपुरास उतरणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. देवळाचा याजक आला, बगल देऊन गेला. देवळातलाच दुसरा सेवेकरी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला. शोमरोन्यांचा आणि यहुद्यांचा भांड्याचाही व्यवहार नसे. त्याने जखमा बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर घातले, धर्मशाळेत नेले आणि दोन दीनार दिले. दीनार म्हणजे त्या काळच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. गोष्ट संपवून येशूने प्रश्नच उलटा केला: त्या जखमीचा शेजारी कोण झाला? शेजारी असतो असे नव्हे, शेजारी व्हावे लागते.

संकटात माणसे असे शेजारी होतात, हे आपण पाहिले आहे. 28 जुलै 2018 रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली, तेव्हा महाबळेश्वरचे गिर्यारोहक आणि आजूबाजूचे लोक भर पावसात दोर लावून खाली उतरले. खाली कोण पडले आहे, कोणत्या जातीचे, हे कोणी विचारले नाही. पण दरी एखाद्या दिवशी आडवी येते. पाणवठा रोजचा असतो. खरी कसोटी पाणवठ्यावर लागते.

शोमरोनातल्या एका विहिरीवर थकलेल्या येशूने एका शोमरोनी बाईकडे पाणी मागितले. यहुदी असून तुम्ही माझ्या हातचे पाणी मागता कसे, याचे तिला आश्चर्य वाटले. ही गोष्ट महाडकराने वाचावी आणि त्याला चवदार तळे आठवू नये, हे शक्य नाही. 1923 साली मुंबई कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले केले. तरी पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मग परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला. मार खाल्लेल्यांपैकी कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. तळ्याची मात्र पंचगव्याने शुद्धी झाली. त्याच वर्षी 25 डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दिवशी, दुसरी परिषद भरली. तिला कोणी हिंदू जागा देईना; ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. यरीहोच्या वाटेवरचा शोमरोनी महाडात होता तो असा. पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात कायम झाला तो मार्च 1937 मध्ये.

यावर कोणी म्हणेल, चवदार तळ्याचा लढा प्रेमाचा नव्हता, हक्काचा होता. खरे आहे. बाबासाहेबांनी दया मागितली नाही. आणि पुढे 1956 साली ते बुद्धाच्या मार्गाने गेले, ख्रिस्ताच्या नव्हे. ख्रिस्ती समाजाचीही यात सुटका नाही: दक्षिणेतल्या कित्येक चर्चांत जातवार बैठका आणि स्मशानभूमीत जातवार भिंती राहिल्याच. आज्ञा पाठ असणे आणि पाळणे यांत अंतर आहे.

परंतु आज्ञेतला एक शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो: ‘स्वतःसारखी’. आपण स्वतःसाठी काय मागतो? दया मागत नाही, हक्क मागतो. मग शेजाऱ्यासाठीही तेच मागितले पाहिजे. जुन्या ग्रंथाच्या ज्या अध्यायात शेजाऱ्यावरील प्रीतीची आज्ञा आहे, त्याच अध्यायात चार-पाच वचने अगोदर बजावले आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये. त्या शास्त्रकाराला प्रेम आणि पगार ही दोन खाती वाटली नाहीत.

आज आमच्या चळवळीसमोरही तोच प्रश्न उभा आहे. एकाच पाळीत, एकाच यंत्रापाशी कायम कामगार आणि कंत्राटी कामगार खांद्याला खांदा लावून उभे असतात. रसायनाचा वास दोघांच्या नाकात सारखाच जातो. करार होतो तेव्हा मात्र एकाचे नाव त्यात असते, दुसऱ्याचे नसते. शेजारी कोण, हे ज्या संघटनेने ठरवलेले नाही, तिच्या घोषणा कितीही मोठ्या असोत, तिची वाट त्या याजकाच्याच वाटेने जाते.

ख्रिस्ती धर्माचे मर्म हे आम्हांस असे समजले. ज्यांचा देवावर विश्वास आहे त्यांनी दिसणाऱ्या माणसापासून सुरुवात करावी. ज्यांचा नाही, त्यांनाही माणूस दिसतोच. आपल्या वाडीबाहेरचा, आपल्या करारात नाव नसलेला असा एक माणूस प्रत्येकाने आज मनाशी धरावा, आणि स्वतःसाठी जे मागतो ते उद्या त्याच्यासाठी मागावे.