परवाना आणि परतफेड

(मंडळाच्या ओझर येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



'परवाना' या शब्दाचे मर्म ओझरकरांस समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९६४ साली येथे विमान कारखान्याची स्थापना झाली. सोव्हिएत परवान्यावर मिग आणि पुढे रशियन परवान्यावर सुखोई विमाने येथे तयार झाली. दुसऱ्याच्या विद्येवर वस्तू घडवावयाची तर त्याच्या अटी पाळाव्या लागतात, हे आपण जाणतो. आज आपली मुले-मुली नाशिक-पुण्यास सॉफ्टवेअर रचीत आहेत. त्यांना नित्य भेटणाऱ्या परवान्यांविषयी मी दोन शब्द बोलणार आहे.

ओपन सोर्स सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते, म्हणून ते बेवारशी नव्हे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत गणला जातो; लेखकाची अनुज्ञा हाच वापरणाऱ्याचा आधार. एमआयटी परवाना इतकेच मागतो, की लेखकाच्या हक्काची नोंद व परवान्याचा मजकूर कायम ठेवावा. जीपीएलची मागणी याहून मोठी आहे: आमचा भाग एकजीव करून केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यास द्याल, तर त्या सबंध प्रोग्रॅमचा सोर्स कोडही याच अटींवर द्या.

येथे 'द्याल' हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या तरुणाने जीपीएलचा भाग जोडून हिशेबाचा प्रोग्रॅम रचला. स्वतःच्या कचेरीत तो वापरी तोवर बंधन नाही. द्राक्षबागायतदारांच्या संस्थेस प्रत दिली, की बंधन आले. मोबदला घेण्यास मनाई नाही, सोर्स लपविण्यास आहे. मात्र दोन स्वतंत्र प्रोग्रॅम एकाच डिस्कवर नुसते शेजारी ठेवले, तर एकाची अट दुसऱ्यास लागत नाही.

कित्येकदा दोन परवान्यांचे परस्परांशी जमतच नाही. २०११ साली व्हीएलसी हा प्रोग्रॅम ॲपलच्या ॲप स्टोअरमधून काढण्यात आला. त्या दुकानाच्या अटी जीपीएलशी विसंगत आहेत, अशी हरकत त्याच्याच एका लेखकाने घेतली होती. म्हणून कामाच्या आरंभीच प्रत्येक भागाचा परवाना वहीत टिपावा. माल ग्राहकाच्या घरी गेल्यावर शोध घेणे महाग पडते.

अनेक ज्ञातिसंस्थांत परतफेडीच्या बोलीवर शिष्यवृत्ती देण्याची जुनी चाल आहे. घेणाऱ्याने शिकावे, मिळवावे आणि पुढच्या विद्यार्थ्यासाठी निधी भरून द्यावा. जीपीएलचे तत्त्व याच जातीचे आहे. ज्यांना ही बोली मान्य नसेल त्यांनी तो भाग घेऊ नये. परंतु घेतला, तर बोली पाळावी. आपल्या तरुणांचा लौकिक त्यांच्या कौशल्याइतकाच या सचोटीवर उभा राहील, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.